ओढ्याकाठची आईस्क्रीम वेल : वर्षभराच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

टेप धरून मोजलं. कॉलनीची मागची भिंत ११० फूट, त्यातली ६४ फूट वेलीखाली. भिंतीपलीकडे ओढ्याचा उतार आणि त्यावर एक जुना उंबर, दोन करंज, चार-पाच गिरिपुष्पं. ओढा पुढे पुण्याचा सिंहगड रस्ता ओलांडून मुठा नदीला मिळतो. उंबराची एक बाजू सोडली तर सगळं झाड हिरव्या-गुलाबी चादरीखाली आहे. येणारे-जाणारे थांबून फोटो काढतात. मीही कितीतरी काढलेत.

दिवाळीनंतर एका रात्री धाकट्या करंजाची मांडीएवढी फांदी मोडून पडली. सकाळी जाऊन पाहिलं तर तिच्यावर करंजाची स्वतःची पानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, बाकी सगळी वेलच. त्या दिवसापासून डोक्यात होतं. आता वेल काढायला हात घालायचा आणि लिहून ठेवत करायचं.

माणसं पाच: मी, शेजारचे काका, त्यांची कॉलेजातली नात, मागच्या ओळीतलं एक तरुण जोडपं. खणायला लागतील तेव्हा माळीमामा, रोजाने. रविवारी सकाळी तीन तास.

१४ जानेवारी

आज नुसतं निरीक्षण. आमच्याकडे हिला सगळे आईस्क्रीम वेल म्हणतात, नर्सरीत अँटिगोनॉन. शास्त्रीय नाव अँटिगोनॉन लेप्टोपस. मूळची मेक्सिकोची. कुळ आपल्या अंबट चुक्याचं, हे वाचून नातीचा विश्वास बसेना. मग तिला वेलीचं वाळलेलं फळ फोडून दाखवलं: आत तीन कडांचं तपकिरी बी, वर कागदासारखं पातळ वेष्टण. चुक्याचं फळही असंच कागदी वेष्टणात असतं.

आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरं तर पाकळ्यांसारखी रंगलेली दलं, पाच. बाहेरची तीन रुंद, आतली दोन अरुंद. फूल सुकलं तरी ती गळत नाहीत, बीभोवती मिटतात आणि तशीच राहतात. बादलीत वीस फळं टाकून ठेवली. संध्याकाळी पाहिलं, सगळी पाण्यावर. ओढ्याकाठच्या वेलीला याहून सोयीचं बी कुठलं?

चढायची युक्तीही बघण्यासारखी. तुऱ्याच्या टोकाचे ताणे होतात आणि तेच पुढची काडी पकडतात. म्हणजे फुलत जाते तशी चढत जाते.

२१ जानेवारी

कामाला सुरुवात. पहिला नियम काकांनी घालून दिला: वर काही ओढायचं नाही. ओढली की वेल कोवळ्या फांद्या घेऊन खाली येते, आणि वर घरटी असली तर तीही. म्हणून कमरेच्या उंचीवर कापायची, मग गुडघ्याच्या उंचीवर पुन्हा कापायची आणि मधला तुकडा बाजूला काढायचा, म्हणजे खालचं वरच्याला टेकणार नाही. वरची तिथेच वाळू द्यायची. खालच्या प्रत्येक खोडाला लाल चिंधी. जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या होत्या, संपल्या. पुन्हा फाडल्या. एकूण ८७ चिंध्या.

भिंतीच्या आतल्या बाजूला तीन खोडं मनगटाएवढी जाड. ती आमच्या अंगणातली.

२८ जानेवारी

ही नोंद कामाची नाही, पण लिहायला हवी.

वेल सासूबाईंनी लावली आहे. १९९४ साली घर बांधून झालं तेव्हा मागे नुसती मुरमाड जमीन होती, सावलीला काही नाही. त्यांनी मांडव घातला आणि दोन पावसाळ्यांत तो गुलाबी झाला. गौरींच्या मागची आरास कित्येक वर्षं याच तुऱ्यांची असायची. आता त्यांचं वय ८६, खाट मागच्या खिडकीशी, आणि खिडकीतून दिसतं ते एवढंच.

मी काम सुरू करण्याआधी त्यांना सांगितलं होतं. त्या "बरं" म्हणाल्या होत्या. आज वरची पानं माना टाकून काळी पडली तेव्हा म्हणाल्या, "खिडकीचा पडदा ओढून घे गं." दिवसभर दुसरं काही बोलल्या नाहीत.

११ फेब्रुवारी

कापलेल्या ८७ खोडांपैकी ७९ ना फुटवे. काहींचे वीतभर. तेही ऐन कोरड्या दिवसांत, वरून एक थेंब नसताना. तरुण जोडप्यातला मुलगा जरा हिरमुसला. त्याला वाटलं होतं एका कापणीत निम्मी जाईल. मलाही थोडी आशा होतीच. पण हिची शिदोरी खाली, जमिनीतल्या कंदांत आहे. वरचं कितीही छाटलं तरी तिला फक्त नवी पालवी धरल्यासारखं होतं. बागेत आपण जाई-जुईची छाटणी करतो ती बहरावी म्हणूनच ना.

तणनाशकाचा विषय निघाला. मी नाही म्हटलं, काकांनीही. उतार थेट पाण्यात जातो, खाली बेडूक आहेत, खेकडे आहेत, पलीकडच्या काठाला म्हशी उतरतात. खणायचं.

३ मार्च

पहिलं खणकाम. आदल्या संध्याकाळी नळी लावून जमीन भिजवून ठेवली होती, नाहीतर पहारीने ठिणग्या निघाल्या असत्या. टिकाव, पहार, खुरपं, चार घमेली.

कंद वीतभर खोलीवर लागायला लागले. लसणाच्या पाकळीएवढ्यापासून रताळ्याएवढे, तपकिरी सालीचे, एका मुळीवर माळेसारखे ओवलेले. एक काढावा तर मुळी पुढे दुसऱ्याकडे घेऊन जाते, आणि मुळी तुटली की तो माग हरवतो. माळीमामा खाली बसून खुरप्याने माती कोरत मुळीमागून गेले. एका खोडाला पाऊण तास. मी विचारलं, "मामा, टिकावाने झटपट नाही होणार?" ते म्हणाले, "ताई, झटपट केलं तर पुढच्या साली मला परत बोलवाल." त्यांचं बरोबर होतं. टिकावाने फुटलेल्या कंदाचा प्रत्येक तुकडा नवी वेल आहे.

तीन तासांत सहा खोडं, अकरा किलो कंद. मेक्सिकोत हे कंद उकडून खातात असं वाचलं होतं. आम्ही ते केलं नाही. उतारावर सांडपाणी झिरपतं.

१७ मार्च

आज महत्त्वाचं कळलं, आणि ते सासूबाईंकडून.

आम्ही गृहीत धरलं होतं की वेल मांडवावरून भिंतीवर आणि भिंतीवरून उंबरावर गेली. पण खणताना पुरावा तसा मिळत नव्हता. भिंतीलगत कंद मध्यम, आणि भिंतीपासून वीस-बावीस फुटांवर, उताराच्या मधोमध, नारळाएवढे दोन. म्हणजे तिथली वेल भिंतीजवळच्यापेक्षा जुनी. हे कसं, ते काकांना उलगडेना, मलाही नाही.

संध्याकाळी एक मोठा कंद धुऊन त्यांना दाखवायला नेला. हातात धरून त्यांनी बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "अगं, मांडव मोडला तेव्हा हे सगळं आपणच तिकडे टाकलं की." २००६ साली मांडवाचे बांबू कुजले म्हणून तो काढला. गड्याने वेल मुळासकट उपटली, टोपल्या भरल्या आणि भिंतीवरून पलीकडे रिकाम्या केल्या. त्यानंतरही दरवर्षी छाटणीचा पाला पलीकडेच. त्या टाकत होत्या, पुढे मी टाकत होते. भिंतीपलीकडची जागा कुणाचीच नाही, म्हणून कचऱ्याची.

वेल भिंत चढून गेली नव्हती. आम्ही तिला घमेल्यातून नेऊन ओढ्यावर लावलं होतं. रात्री बराच वेळ झोप आली नाही.

३१ मार्च

सासूबाईंनी आठवून सांगितलं त्याप्रमाणे टोपल्या रिकाम्या केल्याच्या तीन जागा काकांनी कागदावर काढल्या. तिन्ही ठिकाणी खणलं आणि तिन्ही ठिकाणी कंदांची रास लागली. एका दिवसात ३४ किलो. आता आम्ही कुठेही खणत नाही, त्यांना विचारून खणतो. त्यांनी पडदा उघडायला लावला आहे. खिडकीतून हात करून "अजून डावीकडे" म्हणतात.

७ एप्रिल

काढलेल्या कंदांचं करायचं काय, हा प्रश्न. कंपोस्टच्या खड्ड्यात नाही. पालिकेच्या ओल्या कचऱ्यातही नको, कारण ते खत होऊन कुणाच्या तरी बागेत जाईल. गच्चीवर तीन प्रकारे ठेवून पाहतोय: दहा कंद पत्र्यावर उन्हात उघडे, दहा अखंड काळ्या पिशवीत तोंड बांधून उन्हात, दहा फोडी करून पत्र्यावर.

२१ एप्रिल

पारा चाळिशीपाशी. सकाळी सातला सुरू करून नऊला थांबलो. पाच खोडं.

५ मे

गच्चीचा निकाल. फोडी सुपारीसारख्या कडक झाल्या, पूर्ण मेल्या. पत्र्यावरचे अखंड कंद सुरकुतले, पण त्यांतल्या दोन कंदांच्या डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटतात त्या जागी, अजून ओल आहे. पिशवीतल्या दहापैकी चार कंदांना पांढरे कोंब आले, अंधारात, उन्हाने तापलेल्या प्लॅस्टिकमध्ये. जाड काळ्या पिशवीत बांधून टाका असा सल्ला मला दोन-तीन जणांनी दिला होता. आमच्या गच्चीवर तरी तो चालला नाही. यापुढे सगळे कंद कोयत्याने फोडून, पातळ पसरून वाळवायचे आणि कडक झाल्यावरच हलवायचे.

१९ मे

वर वाळलेली वेल उतरवली. चार महिन्यांत ती इतकी ठिसूळ झाली आहे की बांबूच्या आकडीने हलकेच झटकली तरी भुगा होऊन पडते. थोरल्या करंजावर बुलबुलाचं घरटं सापडलं, आत पिल्लं. त्या झाडाचं काम जूनपर्यंत बंद.

उंबर मोकळा झाला. सालीवर वेलीचे वळ उमटलेत. दोन मोठ्या फांद्या वाळलेल्या आहेत. त्या तोडायला नातीने कोयता उचलला होता, काकांनी थांबवलं. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, फांद्यांनाही हात लावण्याआधी विचारलेलं बरं. अर्ज देणार. वेल काढायला मात्र अशी परवानगी लागत नाही.

९ जून

काल जोराचा पाऊस. आज उतारावर पाय ठेवला तर बुटाला दोन-दोन किलो चिखल. तरी माती मऊ आहे, कंद अख्ख्या माळेसकट बाहेर येतात. एप्रिलमधल्या तीन तासांचं काम आज तासात झालं. पुढच्या वेळी कोणी करणार असेल तर मार्च-एप्रिलमध्ये फक्त कापा आणि खणायला पहिल्या पावसापर्यंत थांबा. आम्ही उगाच उन्हात तापलो.

२३ जून

बियांची रोपं उगवली. उंबराखाली, जिथे पानांचा थर होता तिथे, हाताच्या पंजाएवढ्या जागेत नऊ. पहिल्या पानांनंतर लगेच बदामी आकार दिसतो, त्यामुळे ओळखायला सोपी. खाली अजून कंद धरलेला नसतो, चिमटीने येतात. लहान मुलांना बोलावलं. ती आमच्यापेक्षा झपाट्याने उपटतात आणि त्यांची नजरही तीक्ष्ण. चारशेच्या पुढे मोजणं सोडलं.

२६ जुलै, शुक्रवार

काम नाही. काल पहाटे खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं, नदीकाठच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आमच्याकडे ओढा उलटा फुगला, भिंतीच्या पायापर्यंत आला. लाइट नव्हते. सासूबाईंना वरच्या मजल्यावर हलवलं. तरुण जोडपं दोन दिवस एकतानगरीत चिखल काढायला गेलंय.

४ ऑगस्ट

उतार पाहिला. मधल्या टप्प्यात, जिथे आम्ही सर्वांत जास्त खणलं होतं, तिथला सहा-सात फुटांचा पट्टा घसरून गेला. माती धरून ठेवणारं तिथे काही उरलं नव्हतं. वेल काढली आणि जागा उघडी ठेवून पावसाळ्याला सामोरे गेलो, ही आमची चूक. काकांनी मे महिन्यात एकदा म्हटलं होतं, "उतार बोडका दिसतोय." मी पुढच्या खड्ड्याच्या नादात होते.

आणि मातीबरोबर तिथे राहिलेले कंदही गेले असणार. खाली, मुठेकडे.

१८ ऑगस्ट

वाळा लावला. माळीमामांच्या गावाहून दोन पोती ठोंब आले. उताराला आडव्या चार ओळी, ठोंबांत वीतभर अंतर. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, वाळ्याला आपल्याकडे बांधावर लावतातच. वरच्या बाजूला कुसर आणि हरणदोडी या रानवेली, प्रत्येकी तीन. भिंतीवर गुळवेल, तिला तर नुसती कांडी टांगली तरी पुरते.

एका मैत्रिणीने माधवीलता लावा म्हणून सुचवलं. आपली सह्याद्रीतली, फूल देखणं, वास गोड. लावणार आहोत, एक. पण तिच्याबद्दल वाचताना थबकले. हीच माधवीलता शोभेसाठी रियुनियन आणि मॉरिशस बेटांवर नेली, आणि तिथल्या रानांवर ती अशीच पसरली. जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक आगंतुक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे, आपल्या घाणेरीच्या सोबत. घाणेरीही आपल्याकडे शोभेसाठीच आलेली. आणि आमची आईस्क्रीम वेल कॅरिबियनमधल्या सेंट युस्टेशियस बेटाची डोकेदुखी आहे, तिथे तिला कोरालिटा म्हणतात. कुठलीच वेल आपल्या मुलखात वाईट नसते. तिथे तिला खाणारे किडे असतात, तिच्याशी झोंबणारी झाडं असतात. आपण ती उचलून नेतो आणि ते सगळं मागे ठेवतो.

८ सप्टेंबर

गणपती बसले. परवा गौरी यायच्या, आराशीला काय, असा प्रश्न होता. सासूबाई म्हणाल्या, "तेरडा आण." गौरीला तेरडा तर हवाच, तो मागच्या बाजूलाही लावला. बरा दिसेल.

२९ सप्टेंबर

सासूबाईंनी विचारलं, "माश्या कुठे गेल्या?"

खरी गोष्ट आहे. या दिवसांत वेल बहरायची आणि सकाळी भिंतीजवळ उभं राहिलं तर सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांचा घूं आवाज घरात ऐकू यायचा. या वर्षी शांतता आहे. हे नुकसान आम्ही केलं आहे आणि ते वहीत लिहिलं पाहिजे. वेल वाईट म्हणून माश्यांचं भागत नाही. उतारावर कुर्डू आपोआप आलाय, वरच्या अंगाला रानतुळस, त्यावर थोड्या दिसतात. मोरवेलीची दोन रोपं आणली, ती पावसाळा सरल्यावर फुलते, म्हणजे नेमक्या याच भुकेच्या वेळी. पण यंदा नाही, अजून दोन वर्षं तरी. तोवर अंगणात तुळस आणि सब्जा वाफाभर पेरला आहे.

२० ऑक्टोबर

सुपारीएवढ्या कंदांची फेरी. नवे फुटवे ४१. मार्चमध्ये एका दिवसात जेवढे किलो निघत होते तेवढे आता महिन्यात निघत नाहीत.

वाळ्याच्या कुंडीसाठी नर्सरीत गेले होते. दारातच आईस्क्रीम वेलीची कुंडी, गुलाबी आणि पांढरी दोन्ही. एक गृहस्थ बंगल्याच्या जाळीसाठी घेत होते. मी त्यांना थांबवून सगळं सांगितलं, कंद, ओढा, उंबर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "मग लवकर वाढणारी दुसरी कुठली?" मी मोरवेल सांगितली. नर्सरीत ती नव्हती. कुसरही नव्हती. शेवटी ते आईस्क्रीम वेलच घेऊन गेले. त्यांचा राग आला नाही. ३० वर्षांपूर्वी सासूबाईंसमोरही हीच कुंडी होती. नर्सरीवाल्यांना कुसरीची कांडी मी पुढच्या पावसाळ्यात नेऊन देणार आहे, त्यांनी लावतो म्हटलंय.

१७ नोव्हेंबर

उंबराच्या खोडाला फळांचे झुबके. वेलीखाली होता त्या वर्षांत मला इतके आठवत नाहीत, पण तेव्हा खोड दिसतच नव्हतं, त्यामुळे ठामपणे लिहीत नाही. तांबट सकाळपासून "टुक टुक" करतोय. खाट पुन्हा खिडकीशी आणली.

वाळलेल्या फांद्यांची परवानगी आली, त्या उतरवल्या.

८ डिसेंबर

फुटवे ७, सगळे उताराच्या तळाशी. बियांची रोपं ०.

काम संपल्यावर काका आणि मी ओढ्याच्या कडेने मुठेच्या दिशेने चालत गेलो. पाऊण किलोमीटरवर, छोट्या पुलापाशी, पलीकडच्या काठावर बाभळीवर गुलाबी तुरे. खाली गाळाचा ताजा थर, जुलैचा. वेल अजून माणसाच्या उंचीची आहे. ती आमच्याकडूनच आली असेल असं सिद्ध करता येणार नाही, पण वरच्या बाजूला दुसरी कुठे दिसली नाही.

पुलाजवळच्या सोसायटीच्या वॉचमनकडे निरोप ठेवला होता, संध्याकाळी त्यांच्या एका ताईंचा फोन आला. त्यांना ती वेल आवडते, मुलं तिथे फोटो काढतात. तरी भेटायला तयार आहेत. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता. टिकाव नको, खुरपी दोन. पाण्याची बाटली, चिंध्या. आणि बरणीत ठेवलेला तो नारळाएवढा कंद, म्हणजे काय शोधायचं ते त्यांच्या हातात देता येईल.